'नजरचुकीने' हा शब्द खोडून टाक

बाळ,

तुझा मेसेज रात्री पावणेबाराला आला. 'सर, माफी मागितली तर सगळं संपलं. नाही मागितली तर खोटारडी ठरते. मी ग्रुप सोडतेय.' फोन केला असता, पण फोनवर तू रडतेस आणि मी घड्याळाकडे बघत बसतो. त्यापेक्षा लिहिलेलं बरं.

आधी प्रकरण मला समजलं तसं सांगतो, चुकलं तर दुरुस्त कर. वॉर्डातल्या ड्रेनेजच्या एकाच कामाचं बिल दोनदा काढलं, असं तू लिहिलंस. सोबत खोदलेल्या रस्त्याचा फोटो टाकलास. पोस्ट दिवसभर फिरली. मग कळलं की बिलं दोन वेगळ्या गल्ल्यांची होती आणि फोटो तिसऱ्याच गल्लीचा. ज्याने मोबाईलवर कागद दाखवले, तो आता फोन उचलत नाही. ठेकेदाराची वकिलामार्फत नोटीस आली आहे. आणि तुझ्या दोस्तमंडळींना तू तुरुंगात गेलेली चालेल, माफी मागितलेली चालणार नाही.

या शेवटच्या गोष्टीवरून मला 1897 सालचं पुणं आठवलं.

गोपाळ कृष्ण गोखले म्हटलं की आपल्याकडे दोनच गोष्टी आठवतात. एक, शाळेतली ती गणिताची गोष्ट, जी आपण सगळ्यांनी मूल्यशिक्षणाच्या तासाला जांभया देत ऐकली. दुसरी, 'मवाळ' हा शब्द, तोही शिवी दिल्यासारखा उच्चारलेला. मधला माणूस कुणी सांगत नाही. तो माणूस 31 वर्षांचा होता, फर्ग्युसनमध्ये शिकवत होता आणि वेल्बी कमिशनपुढे साक्ष द्यायला लंडनला गेला होता. हिंदुस्थानच्या तिजोरीतला पैसा कुठे जातो, याची ती चौकशी. साक्ष उत्तम झाली. तेवढ्यावर परत आला असता तर सत्कारच झाला असता.

पण इकडे पुण्यात प्लेग होता. रँडच्या प्लेग कमिटीचे गोरे सोल्जर घराघरांत शिरून झडत्या घेत होते. रोग्याला इस्पितळात, घरच्यांना छावणीत, सामान रस्त्यावर. पुण्याहून ओळखीच्या लोकांची पत्रं गोखल्यांना विलायतेत जात होती. सोल्जरांनी बायकांवर अत्याचार केले, असं त्यांत होतं. माणसं खात्रीची, सगळी सभ्य. गोखल्यांनी त्यांच्या भरवशावर 'मँचेस्टर गार्डियन'ला मुलाखत दिली. पार्लमेंटात प्रश्न निघाले, मुंबई सरकारने आरोप साफ फेटाळले, आणि पुरावा आणा म्हणाले.

दरम्यान 22 जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चाफेकरांनी रँडवर गोळी झाडली होती. तू ज्या रस्त्याने रोज मेट्रोच्या खांबांखालून विद्यापीठाकडे जातेस, तोच. सारं पुणं संशयाच्या घेऱ्यात. जुलैच्या अखेरीस टिळकांना अटक झाली. अशा वेळी गोखले बोटीने मुंबईला आले. पत्रं लिहिणाऱ्यांपैकी कुणी पुढे येऊन 'हो, मी सांगतो' म्हणायला तयार नव्हतं. त्यांना दोष देऊ नकोस. त्या महिन्यात पुण्यात तोंड उघडणं म्हणजे काय होतं, याची आपल्याला इथे बसून कल्पना येणार नाही. गोखल्यांच्या हातात काय राहिलं? नावं सांगायची, किंवा शब्द मागे घ्यायचे. त्यांनी नावं सांगितली नाहीत. ऑगस्टमध्ये जाहीर माफी मागितली.

एक पुढारी राजद्रोहाखाली आत, दुसरा माफीपत्र लिहितोय. गावाने दोघांना तागडीच्या दोन पारड्यांत घातलं, आणि गोखले हलके ठरले. जे व्हायचं ते झालं.

आता माझं मत. ती माफी गरजेपेक्षा मोठी होती. 'मी केलेले आरोप मला सिद्ध करता येत नाहीत, म्हणून मागे घेतो' इथे थांबता आलं असतं. पण त्यांनी गव्हर्नरची माफी मागितली, प्लेग कमिटीची मागितली, सोल्जरांचीही मागितली. पुरावा मिळाला नाही म्हणजे पुण्यात काही घडलंच नाही, असं नव्हे. ज्यांच्या घरात बूट शिरले त्यांना ती माफी कशी ऐकू आली असेल? गोखल्यांवर माझं प्रेम आहे, तरी हे मी सोडून देत नाही. तूही सोडू नकोस. तुझ्या पोस्टमधलं जे सिद्ध होत नाही तेवढंच मागे घे, त्याच्यापुढे एक बोटभरही जाऊ नकोस. बिल दोनदा काढलं, हे मागे. फोटो चुकीचा होता, हे कबूल. पण त्या गल्लीत पावसाळ्यापासून सांडपाणी वर येतंय, ते तू स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंयस. ते मागे घ्यायचं कारण नाही.

आणि त्या कागद दाखवणाऱ्याचं नाव तू अजून कुणाला सांगितलं नाहीस, मलाही नाही. तेवढ्यासाठी तुझे हजार गुन्हे माफ.

माफीनंतर गोखले घरात तोंड लपवून बसले नाहीत, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. प्लेग पुन्हा आला तेव्हा ते स्वयंसेवक म्हणून कामाला लागले, त्याच पेठांतून, जिथे लोक त्यांच्याकडे बघून कुजबुजत असणार. भाषण नाही, खुलासा नाही. दोनच वर्षांनी, 1899 मध्ये ते मुंबईच्या कायदे कौन्सिलात निवडून गेले.

आता माझं स्वतःचं सांगतो, म्हणजे म्हातारा नुसता उपदेश करतोय असं वाटणार नाही. मी नवा उपसंपादक होतो. एका गृहनिर्माण संस्थेच्या हिशेबावर बातमी केली. 14 हजारांचा फरक होता, मी 1 लाख 40 हजार छापला. एक शून्य. संस्थेचे सचिव दुसऱ्या दिवशी कचेरीत आले. आरडाओरडा नाही. कापडात बांधलेली हिशेबवही माझ्या टेबलावर उघडली, त्या ओळीवर बोट ठेवलं आणि उभे राहिले. बोटाला शाईचा डाग होता, तो अजून आठवतो. मी खुलासा लिहिला: 'कालच्या अंकात नजरचुकीने...' आमच्या वृत्तसंपादकांनी लाल पेन्सिलीने तो एक शब्द खोडला. म्हणाले, 'नजर चुकली, की बघितलंच नाहीस?' मी बघितलंच नव्हतं. चार ओळी आल्या, पान 5 वर, छोट्या जाहिरातींच्या डोक्यावर. पंधरा दिवस मला वाटत होतं की अख्खं सदाशिव पेठ तेच पान उघडून बसलंय. प्रत्यक्षात कुणी वाचलंही नसेल. पण त्यानंतर मी आकडा उजवीकडून डावीकडेही वाचायला लागलो.

गोखल्यांचंही काहीसं तसंच झालं असावं, असा माझा आपला अंदाज. 1897 नंतरचा माणूस ऐकीव गोष्टीवर बोलताना दिसत नाही. 26 मार्च 1902 चं, कलकत्त्याच्या मध्यवर्ती कायदे कौन्सिलातलं अंदाजपत्रकावरचं भाषण मिळवून वाच. व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन समोर बसलेला. सरकार सांगतंय, शिल्लक पडलीय, म्हणजे देश सुखात आहे. गोखले सरकारचेच आकडे घेऊन दाखवतात की ही शिल्लक रयतेच्या भरभराटीची नाही. रुपया घसरला तेव्हा खड्डा भरायला कर वाढवले, नंतर रुपया सावरला, कर मात्र तसेच राहिले. वर दुष्काळ. त्यात मिठावरचा कर, मणाला अडीच रुपये. एकही विशेषण फुकट नाही. हा कर 1903 मध्ये दोन रुपयांवर आला, 1905 मध्ये दीडवर, 1907 मध्ये एकावर. सगळं एकट्या गोखल्यांमुळे झालं असं मी म्हणणार नाही, पण दरवर्षी त्याच दारावर थाप मारणारा माणूस तोच होता.

त्या भाषणामागे आणखी एक नाव आहे, ते कुणाला ठाऊक नसतं: गणेश व्यंकटेश जोशी, सोलापूरचे हेडमास्तर. सरकारी अहवाल चाळायचे, आकडे जुळवायचे आणि गोखल्यांना पत्रातून पाठवायचे. भाषणाची वाहवा झाल्यावर गोखल्यांनी त्यांना कळवलं की हे भाषण माझ्यापेक्षा तुमचंच जास्त आहे. तुला कौन्सिल नको, अनुयायीही नकोत. तुला एक असा जोशी मास्तर हवा. मोजमाप पुस्तिका म्हणजे काय, बिल कुठल्या टेबलावरून कुठे जातं, हे जाणणारा एखादा निवृत्त ओव्हरसिअर शोध. आपल्या सोसायटीत दोन आहेत, दोघांनाही बोलायला माणूस हवाच असतो.

12 जून 1905 ला गोखल्यांनी भारत सेवक समाज काढला तेव्हा नव्या सदस्याला पाच वर्षं उमेदवारी करायला लावली. शपथेत एक कलम होतं: कुणाशीही वैयक्तिक भांडण करायचं नाही. पुण्यात राहून ही शपथ घेणारी माणसं धाडसी म्हणायची. गांधी 1915 मध्ये आफ्रिकेहून परतले तर त्यांनाही सांगितलं, वर्षभर देश हिंडा, बोलू नका. तुला मी वर्ष सांगत नाही. पावसाळा संपेपर्यंत पोस्ट नको, एवढंच.

ग्रुप सोडायचं म्हणतेस. सोडू नकोस, म्यूट कर.

माहिती अधिकाराचा अर्ज उद्याच टाक. फक्त दोन गोष्टी माग, दोन्ही बिलांच्या प्रती आणि मोजमाप पुस्तिकेची पानं. 'सर्व माहिती द्यावी' असं लिहिलंस तर नकाराचं पत्र येईल. अर्जाची पोच घे, शिक्का वाचता येतोय का बघ. वकील म्हणून माझ्या भाचीशी बोल. ती फी घेणार नाही, पण बोलणी खावी लागतील.

खुलाशाचा मसुदा आज रात्री मला पाठव. पाच ओळींच्या वर नको. आणि त्यात 'कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर' असं कुठे दिसलं, तर न वाचता परत पाठवीन.

तुझा,
सर

ता. क. रविवारी सात वाजता फर्ग्युसनच्या मागच्या टेकडीच्या पायथ्याशी ये. गोखले आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी भारत सेवक समाजाची शपथ घेतली ती याच टेकडीवर. खाली उतरून रूपालीत बसू, वैशालीला रांग असते. फाईल आण, मोबाईलमधले फोटो नकोत.