जमीन गहाण ठेवून निवडणूक लढवावी का?

प्रश्न : माझी सहा एकर द्राक्षबाग आणि कृषी सेवा केंद्र आहे. पुढची विधानसभा अपक्ष लढवायचं मनात आहे. पतसंस्थेकडून जमिनीवर बारा लाख मिळतील. मेहुणा तीन लाख रोख देतो म्हणतोय. कॉलेजातला एक मित्र न्यू जर्सीहून पाच लाख उसने पाठवायला तयार आहे. तो आता अमेरिकेचा नागरिक आहे. हे कायद्यात बसतं का? फ्रान्समध्ये म्हणे सरकार उमेदवाराचा खर्च परत देतं. आपल्याकडे तसं काही मिळतं का?
– एक वाचक, जि. सांगली

उत्तर : शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण बारा लाख फेडायचे कुठून हे त्यावर ठरणार आहे. आपल्याकडे उमेदवाराला सरकारकडून रोख छदामही मिळत नाही. मान्यताप्राप्त पक्षांना आकाशवाणी-दूरदर्शनवर मोफत वेळ मिळतो, त्यांच्या उमेदवारांना मतदार यादी फुकट मिळते. अपक्षाला तेवढंही नाही. इंद्रजित गुप्ता समितीने 1998 मध्ये सरकारी मदतीची शिफारस केली होती, पण तीही पैशांच्या नव्हे तर वस्तू-सेवांच्या रूपात, आणि फक्त मान्यताप्राप्त पक्षांसाठी. तुम्हाला परत मिळू शकते ती अनामत रक्कम : विधानसभेला 10,000 रुपये, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला 5,000. त्यासाठीही निवडून यावं लागतं किंवा वैध मतांच्या एक-षष्ठांशाहून जास्त मतं पडावी लागतात. आणि ते पैसे मुळात तुमचेच.

फ्रान्सबद्दल तुम्ही ऐकलंत ते खरं आहे, पण अर्धं. तिथे राष्ट्राध्यक्षपदाच्या पहिल्या फेरीत 5 टक्क्यांहून जास्त मतं मिळवणाऱ्याला खर्चमर्यादेच्या 47.5 टक्क्यांपर्यंत पैसे परत मिळू शकतात. त्या भरवशावर उमेदवार कर्ज काढतात. 2022 मध्ये व्हॅलेरी पेक्रेस यांना 4.78 टक्के मतं पडली. दुसऱ्याच दिवशी त्यांनी लोकांसमोर सांगितलं की माझ्यावर वैयक्तिक 50 लाख युरोंचं कर्ज आहे, देणग्या द्या. सरकार पैसे परत देतं तिथेही उधारीवरची निवडणूक हा जुगारच आहे. आपल्याकडे तर परतफेडीचा प्रश्नच नाही.

आता तुमच्या तीन वाटा. न्यू जर्सीची वाट बंद आहे. विदेशी योगदान (विनियमन) कायदा, 2010 नुसार निवडणुकीच्या उमेदवाराला परदेशी स्रोताकडून पैसे घेता येत नाहीत, आणि परदेशी नागरिक हा परदेशी स्रोतच. ‘देणगी नाही हो, उसने आहेत’ म्हणून सुटका होईल या भ्रमात राहू नका. मित्राला कळवून टाका.

मेहुण्याचे तीन लाख चालतील, पण रोख नकोत. निवडणूक आयोगाच्या सूचनेप्रमाणे उमेदवाराने एका व्यक्तीकडून संपूर्ण निवडणुकीत रोखीने 10,000 पेक्षा जास्त घ्यायचे नाहीत, मग ती देणगी असो की कर्ज. ‘अर्ज भरण्याच्या आधीच घेऊन ठेवतो’ ही पळवाट लोक हमखास विचारतात. तिथे आयकर कायदा आडवा येतो : 20,000 किंवा त्याहून जास्त कर्ज रोखीने घेतलं तर घेतलेल्या रकमेएवढा दंड होऊ शकतो. देणारा-घेणारा दोघांचंही शेतीचं उत्पन्न असेल आणि दोघांपैकी कुणाचंही उत्पन्न करपात्र नसेल तर सूट आहे. तुमचं कृषी सेवा केंद्र करपात्र नफ्यात चालत असेल तर ती सूट विसरा.

पतसंस्थेचं कर्ज घ्यायला निवडणूक कायद्याची आडकाठी नाही. मात्र अर्जात कारण ‘ठिबक संच’ आणि पैसे जीपगाड्यांच्या भाड्यात, असं करू नका. कर्जाच्या अटींचा भंग झाला की संस्था एकरकमी वसुलीला उभी राहू शकते.

ही दोन्ही कर्जं उमेदवारी अर्जासोबतच्या शपथपत्रात, नमुना 26 मध्ये, लिहावी लागतात. बँका-संस्थांचं कर्ज वेगळं, व्यक्तींचं वेगळं. हातउसने म्हणजे कर्ज नव्हे असं आपल्याकडे समजतात, पण कायदा तसं समजत नाही. शपथपत्र सगळ्यांना वाचायला खुलं असतं, त्यामुळे सातबाऱ्यावरचा बोजा आणि मेहुण्याचे तीन लाख विरोधकांच्या मोबाइलवर त्याच संध्याकाळी पोचतील. लपवलंत तर सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही.

अर्ज भरण्याच्या निदान एक दिवस आधी निवडणुकीसाठी वेगळं बँक खातं उघडा. ते तुमच्या एकट्याच्या नावावर किंवा निवडणूक प्रतिनिधीसोबत संयुक्त चालतं. बायको प्रतिनिधी नसेल तर तिचं नाव त्यात नको. स्वतःचे, उसने, कर्जाचे, सगळे पैसे याच खात्यातून खर्च करायचे. मग हाती येते ती नोंदवही : पांढरी पानं रोजच्या खर्चाची, गुलाबी रोखीची, पिवळी बँकेची. उमेदवारांचे हिशेब लिहिताना माझी खरी झटापट होते ती गुलाबी पानांशी. रात्री कार्यकर्ता वडापावच्या चुरगळलेल्या पावत्या घेऊन येतो. निम्म्यांवर तारीख नसते आणि चहाचा दर जिल्ह्याच्या दरपत्रकाशी जुळत नाही. निवडणूक कार्यालय तुमच्या खर्चाची स्वतःची समांतर वही ठेवत असतं. तुम्ही 200 खुर्च्या दाखवल्यात आणि त्यांच्या चित्रीकरणात 600 दिसल्या, तर उरलेल्या 400 चं भाडं तुमच्या नावावर चढायला वेळ लागत नाही.

खर्चाची मर्यादा 2022 पासून महाराष्ट्रात विधानसभेला 40 लाख आहे (गोव्यात 28 लाख). पैसे उसने आणलेत म्हणून ती वाढत नाही. निकालानंतर 30 दिवसांत हिशेब सादर करायचा, हरलात तरी, अनामत गेली तरी. पडलेले उमेदवार नेमके इथेच ढिले पडतात. योग्य कारणाशिवाय हिशेब दिला नाही तर आयोग तीन वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो.

माझं मत विचाराल तर बाग गहाण ठेवू नका. मेहुण्याचे पैसे चेकने घ्या, गावोगावच्या लोकांकडून लहान देणग्या पावती देऊन घ्या, आणि त्यात बसेल तेवढीच निवडणूक लढवा.

प्रश्न : माझ्या प्रचारसभेच्या मंडपाचं बिल मामेभावाने परस्पर भरलं, तर तो माझा खर्च धरतात का?
– एक वाचक, जि. सोलापूर

उत्तर : तुमच्या संमतीने भरलं असेल तर तो तुमचाच खर्च. तुमच्या लेखी परवानगीशिवाय भरलं असेल तर मामेभावावरच गुन्हा दाखल होऊ शकतो. त्यापेक्षा त्याने ती रक्कम चेकने तुमच्या निवडणूक खात्यात भरावी आणि मंडपवाल्याचं बिल तुम्ही द्यावं. बिलावर तुमचं नाव आणि सभेची तारीख हवी.