उसाच्या चिपाडावर सेल्युलेज टाकलं, तरी साखर का सुटत नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: रसवंतीवरून चिपाड आणलं, वाळवून मिक्सरमधून काढलं, सेल्युलेज (सेल्युलोज तोडून साखर सोडवणारं एन्झाइम) टाकून ५० अंशांवर ठेवलं, पण साखर जेमतेम वाढली. एन्झाइमच खराब निघालं का?

बहुधा नाही. पुण्यात बायोमासच्या कामात असल्यामुळे ही तक्रार मी प्रोजेक्टवाल्या मुलांकडून नेहमी ऐकतो. कमी पडली आहे ती प्रिट्रीटमेंट, म्हणजे एन्झाइम घालण्याआधी चिपाडाची वीण सैल करण्याची प्रक्रिया.

चिपाडात साधारण ४० टक्के सेल्युलोज असतं आणि ते ग्लुकोजचंच बनलेलं असतं. पण त्या साखळ्या एकमेकींना घट्ट बिलगलेल्या असतात, भोवती हेमिसेल्युलोज (दुसऱ्या साखरांच्या साखळ्या) आणि लिग्निन (काडीला कडकपणा देणारा, साखर नसलेला पदार्थ) असतं. एन्झाइमचा रेणू मोठा, त्याला आत शिरायला वाट नाही. वर लिग्निन त्यालाच चिकटवून घेतं. मिक्सरने तुकडे लहान होतात, पण ही आतली वीण उसवत नाही. त्यामुळे कच्च्या चिपाडातून शक्य असलेल्या ग्लुकोजच्या २० टक्केही सहसा हाती लागत नाही.

कॉलेजच्या लॅबमध्ये तुम्ही कॉस्टिक सोड्याने करा. आधी चिपाड गरम पाण्याने दोन-तीनदा खळखळून धुवा. हे टाळू नका, कारण रसवंतीच्या चिपाडात उसाचा रस राहिलेला असतो आणि डीएनएस टेस्टमध्ये (रंगावरून साखर मोजायची चाचणी) त्यातलं ग्लुकोज-फ्रुक्टोजही रंग दाखवतं. तुम्हाला दिसलेली जेमतेम साखरसुद्धा कदाचित तीच असेल. मग चिपाडाच्या दहापट २ टक्क्यांचं कॉस्टिकचं द्रावण घालून ऑटोक्लेव्हमध्ये (लॅबमधला वाफेच्या दाबाचा कुकर) १२१ अंशांवर अर्धा ते एक तास ठेवा. घरच्या कुकरमध्ये हे अजिबात करू नका: कॉस्टिक ॲल्युमिनियम खातं आणि हायड्रोजन सुटतो. द्रावण करताना कॉस्टिक हळूहळू पाण्यात घाला, कॉस्टिकवर पाणी ओतू नका. गॉगल आणि हातमोजे हवेतच.

बाहेर आल्यावर पाणी काळपट तपकिरी झालेलं दिसेल. ते लिग्निन सुटल्याचं लक्षण. मलमलच्या कापडातून गाळा आणि पीएच ७ च्या आसपास येईपर्यंत धूत राहा. हात लावलात तर काडी मऊ, लोकरीसारखी लागेल.

आता सगळ्यात महत्त्वाचं: हा माल ओव्हनमध्ये वाळवू नका. वाळताना उघडलेली छिद्रं पुन्हा मिटतात आणि ओलं केलं तरी पहिल्यासारखी उघडत नाहीत. सगळी मेहनत पाण्यात जाते. ओलाच फ्रिजमध्ये ठेवा. कोरडं वजन हवं असेल तर चिमूटभर नमुना वेगळा काढून १०५ अंशांवर वाळवा. नंतर एन्झाइम घाला: सायट्रेट बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण), पीएच ४.८, ५० अंश, शेकरवर ७२ तास. सोबत नुसत्या एन्झाइमचा आणि नुसत्या चिपाडाचा असे दोन ब्लँक (तुलनेसाठीचे नमुने) लावा. एन्झाइमच्या बाटलीतही साखर असू शकते.

सौम्य सल्फ्युरिक ॲसिडची पद्धत उद्योगात जास्त वापरतात. त्यात हेमिसेल्युलोज विरघळून झायलोज (ग्लुकोजहून वेगळी साखर) मिळतो. पण ताप किंवा वेळ जास्त झाला की झायलोजचं फरफ्युरल होतं, ग्लुकोजचं एचएमएफ होतं आणि या पदार्थांमुळे पुढे आंबवताना यीस्टची वाढ खुंटते. माझं ठाम मत आहे की बायोमास जास्त शिजवणं हे कमी शिजवण्याइतकंच वाईट. पाचटावर ॲसिड वापरणार असाल तर माती आधी झटकून धुऊन काढा, नाहीतर तीच थोडं ॲसिड खाऊन टाकते.

हे सगळं मोठ्या प्रमाणावर बघायचं तर पानिपतचा इंडियन ऑइलचा प्रकल्प आहे. भाताच्या पेंढ्यापासून दिवसाला १ लाख लिटर इथेनॉलची त्याची क्षमता, ऑगस्ट २०२२ मध्ये तो राष्ट्राला अर्पण झाला आणि तंत्रज्ञान आपल्या पुण्याच्या प्राज कंपनीचं. उसाविषयी वाचायचं असेल तर मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट तुमच्या जवळच आहे.

हिशेब करताना १ ग्रॅम सेल्युलोजमधून जास्तीत जास्त १.११ ग्रॅम ग्लुकोज धरा, कारण प्रत्येक बंध तुटताना पाण्याचा एक रेणू जोडला जातो. पुढे आंबवणार असाल तर बेकरीचं यीस्ट झायलोज आंबवत नाही, म्हणून इथेनॉलचं उत्पन्न काढताना डीएनएसची एकूण साखर न धरता ग्लुकोज वेगळं मोजून तेच धरा.