जमीन कुणाची ते आधी विचारा

प्रश्न : आम्ही चौघं दर रविवारी वाशीला खाडीकडे फेरी मारतो आणि मग चहाला बसतो. सरकारने लोकांच्या आयुष्यात कमीत कमी लुडबुड करावी हे चौघांचंही मत, म्हणजे खरं तर भांडायला काही कारणच नाही. पण परवा दोघं असे पेटले की एक जण अर्धा चहा टाकून निघून गेला. एक जण स्वार्थ आणि खुल्या बाजाराची बाजू घेणाऱ्या अमेरिकन लेखिका आयन रँडचा भक्त, दुसरा म्हणतो सरकारच नको, पोलीससुद्धा खासगी हवेत. डाव्या मित्रांशी आमचं एवढं कधी वाजत नाही. असं का? – एक वाचक, नेरूळ

उत्तर : अहो, भाऊबंदकी ती! बांधावरून भांडण शेजारच्या गावाशी होत नाही, सख्ख्या चुलत्याशीच होतं.

आणि तुमचे मित्र काही नवीन करत नाहीयेत. तुमच्या दुसऱ्या मित्रासारखाच सरकारच नको म्हणणारा अमेरिकन अर्थतज्ज्ञ मरे रॉथबार्ड १९५८ मध्ये रँडबाईंच्या बैठकीत जाऊन बसायला लागला आणि त्याच वर्षी फाटलंसुद्धा. १९७१ मध्ये अमेरिकेत कमीत कमी सरकार मागणारी लिबर्टेरियन पार्टी निघाली तर बाई खूश व्हायच्या सोडून या मंडळींना उजवे हिप्पी म्हणाल्या. गंमत म्हणजे दुसऱ्यावर आधी हात उचलायचा नाही हा नियम दोघांनाही मान्य, कर सक्तीचा नको इथपर्यंतही दोघं बरोबर. पण बाई म्हणतात की शिक्षा द्यायचं काम एकाच सरकारकडे हवं, नाहीतर टोळीयुद्ध होईल, आणि रॉथबार्ड म्हणतो की दुसऱ्या कुणाला ते काम करूच न देणं हीच जबरदस्ती झाली ना. नियम तोच, निघालेले निकाल उलटे.

अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन तिसरीकडेच. त्याला बाजार हवा कारण त्याने काम नीट होतं, म्हणून तो १९६२ च्या पुस्तकात गरिबाला सरकारने थेट पैसे द्यावेत असंही सुचवतो. रँड, रॉथबार्डसारख्या हक्कवाल्यांच्या लेखी ती करातून केलेली चोरीच, छोटी म्हणून काय झालं.

पण मला विचाराल तर पोलीस खासगी की सरकारी हा वरवरचा वाद आहे, खरी ठिणगी जमिनीवर पडते. बेंजामिन टकर नावाचा एक अमेरिकन १८८१ ते १९०८ लिबर्टी नावाचं पत्र चालवायचा, पक्का व्यक्तिवादी, सरकार नकोच म्हणणारा, आणि तरी म्हणायचा की जो जमीन वापरतो त्याचीच ती, लांब बसून भाडं खाणाऱ्याची नाही. हे रॉथबार्डवाल्याला सांगून बघा! त्याच काळातला हेन्री जॉर्ज म्हणायचा बाकीचे सगळे कर काढा, फक्त जमिनीच्या किमतीवर लावा.

आता हे नेरूळला लावा. सरकारने इथल्या आगरी-कोळ्यांच्या जमिनी संपादन करून नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाला दिल्या, १९८४ च्या आंदोलनात पाच जण गोळीबारात गेले, त्यातून पुढे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन मूळ मालकाला परत देण्याची योजना आली, आणि तुमची सोसायटी बहुतेक साठ वर्षांच्या लीजवर उभी असेल. मग जमीन कुणाची? रॉथबार्डवाला म्हणेल जबरदस्तीने घेतली असेल तर मूळ शेतकऱ्याला किंवा त्याच्या वारसाला परत द्या, म्हणजे तुमच्या फ्लॅटचं काय ते त्यालाच विचारा. टकरवाला म्हणेल जो राहतोय त्याची, तुम्ही भाड्याने दिलेला दुसरा फ्लॅट मात्र भाडेकरूचा. जॉर्जवाला म्हणेल भाव चढला तो पुलामुळे, रेल्वेमुळे, तुम्ही काय केलंत, वाढलेला पैसा सगळ्यांचा. फ्रीडमनवाला बहुधा म्हणेल झालं ते झालं, आता लीज काढून मालकी द्या आणि व्यवहार मोकळा करा.

चौघंही हे स्वातंत्र्याच्याच नावाने म्हणतायत, कुणी खोटं बोलत नाहीये. कुठून मोजायला सुरुवात करायची यावर त्यांचं जमत नाही, आणि ते जमणं मलाही अवघडच वाटतं.

येत्या रविवारी पोलिसांचा विषय काढू नका, हा काढा. आणि अर्धा चहा टाकून गेलेल्याला आधी फोन करा.