संध्याकाळी घरी आलं की त्राणच जातं

"मॅडम, ऑफिसात मी ठणठणीत असते. घरी पोचले की अंगातलं त्राणच जातं. चपलाही न काढता पलंगाच्या कडेला बसून राहते, पर्स खांद्याला तशीच. सासूबाई आतून विचारतात, 'चहा टाकतेस ना गं?' आणि मला रडूच येतं. चहावरून कुणी रडतं का?"

बाईंचं वय ४७. डोंबिवलीत घर, फोर्टात नोकरी, मुलगा बारावीला. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, पण हा प्रश्न चाळिशी-पन्नाशीतल्या कितीतरी बायका माझ्याकडे घेऊन येतात. हल्ली पुरुषही येतात. बहुतेकांनी निदानही आपलं आपणच करून ठेवलेलं असतं: वय झालं, नाहीतर मी आळशी झालेय.

मी त्यांना सगळ्यात आधी पाळीबद्दल विचारलं. समुपदेशनाला आलेली बाई या प्रश्नाने जरा बावरते, तशा त्याही बावरल्या. वर्षभरापासून पाळी लवकर येत होती आणि अंगावरून खूप जात होतं. "या वयात व्हायचंच असं," असं मोठ्या बहिणीने सांगितल्यामुळे त्या गप्प बसल्या होत्या. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ९.१. बाईचं ते निदान १२ तरी हवं. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय आहे, असं २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात दिसलं होतं. म्हणून थकव्याची तक्रार आली की रिपोर्ट हातात येईपर्यंत मी मनाच्या कारणांकडे वळत नाही. रक्तच कमी असेल, तर मनाला किती समजावलं तरी पाय उचलत नाहीत.

स्त्रीरोगतज्ज्ञांनी सोनोग्राफी केली, गर्भाशयात लहानशी गाठ निघाली, उपचार आणि लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. त्या गोळ्या बाई सकाळच्या चहाबरोबर घेत होत्या. चहामुळे लोह नीट अंगी लागत नाही. डॉक्टरांनी वेळ बदलून दिली, चहापासून लांब आणि लिंबूपाण्याबरोबर. थायरॉइड, बी १२ आणि साखर ठीक होती. तीनेक महिन्यांत स्टेशनचा जिना चढताना धाप लागेनाशी झाली. दुपारी एकच्या डब्यानंतर रात्री साडेनऊपर्यंत त्यांच्या पोटात चहा-बिस्किटाशिवाय काही जात नव्हतं. पाच वाजता मूठभर चणे-गूळ किंवा उकडलेलं अंडं, एवढ्यानेही फरक पडला.

पण साडेसातला घरी पोचल्यावरचा थकवा पूर्ण गेला नाही. माझं खरं काम तिथून सुरू झालं.

मी त्यांना म्हटलं, घरी आल्यावर तुम्ही काय काय करता ते लिहू नका. कोण काय विचारतं, ते लिहा. पुढच्या वेळी त्यांनी वहीचं पान दाखवलं. चहा टाकतेस ना. आई, माझा चार्जर कुठंय. आज भाजी काय. उद्या सिलिंडर येणार, घरी कोण थांबतंय. क्लासची फी भरली का. माझ्या बीपीच्या गोळ्या संपल्यात. घरात शिरल्यापासून पहिल्या पंधरा मिनिटांतलं हे सगळं, आणि प्रत्येक प्रश्न त्यांनाच. त्या म्हणाल्या, "खरं तर ठाणं सोडलं की गाडीतच माझ्या डोक्यात कणीक मळायला सुरुवात होते." म्हणजे एका नोकरीतून दुसरीत जाताना मध्ये श्वास घ्यायलाही जागा नव्हती. देशाच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात असं आढळलं, आणि घरकाम करणाऱ्या पुरुषांची ९७ मिनिटं. भाजी काय करायची याचा विचार कुठल्या मिनिटांत धरायचा, हा प्रश्न राहतोच.

त्यांचे यजमान एका भेटीला आले. साधा, प्रेमळ माणूस. "मी कधी नाही म्हटलंय का मॅडम? तिने सांगितलं की करतोच." मी म्हटलं, सांगावं लागतं, तेच तर काम आहे. काय आणायचं, कधी आणायचं, संपलं का, हे लक्षात ठेवणं त्यांच्याचकडे राहिलं तर तुमच्या हातभाराने त्यांचं डोकं हलकं होत नाही. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांनीच मंगळवार आणि गुरुवारची रात्र मागून घेतली. काय करायचं इथपासून ओटा पुसेपर्यंत सगळं त्यांचं. दुकानातून 'कुठली डाळ आणू' असा फोन करायचा नाही, हेही ठरलं.

सासूबाईंना हे रुचलं नाही. मुलगा गॅसपाशी आणि सून खोलीत, हे त्यांना बघवेना. पण बोलता बोलता कळलं, की चहा त्यांना स्वतःला करता येत होता. दिवसभर एकट्या असायच्या, संध्याकाळी कुणीतरी शेजारी बसावं म्हणून त्या चहाची वाट बघायच्या. आता दोघींचा चहा त्याच टाकतात, पण सूनबाई वीस मिनिटं आडव्या झाल्यानंतर.

ती वीस मिनिटंच सगळ्यात अवघड गेली. खोलीचं दार लावलं की बाईंना अपराधी वाटायचं, उठून त्या कपड्यांच्या घड्या घालायच्या. कामं आटोपली की मग बसायचं, हे माहेरी आईला बघून त्यांच्या अंगात भिनलेलं. घरातली कामं कधीच आटपत नाहीत, म्हणजे त्या हिशेबाने त्यांनी बसायचंच नाही. या एका गोष्टीवर आम्ही बरेच आठवडे बोललो. त्यांच्या आईलाही कधीतरी बसावंसं वाटलं असेल, हे त्यांनी पहिल्यांदा मोठ्याने म्हटलं, तेव्हापासून घड्या घालणं हळूहळू थांबलं.

अजूनही पाळीच्या आधी आणि मार्चअखेरीला त्या संध्याकाळी गळून जातात. त्या दिवशी मुलगा पोळ्या विकत आणतो.

तुमचीही अशीच तक्रार असेल तर आधी हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी १२ आणि साखर तपासून घ्या. पुरुषांनीही. रात्री मोठ्याने घोरत असाल आणि झोप पुरी होऊनही दिवसा पेंग येत असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा. आणि हा थकवा संध्याकाळपुरता नसेल, सकाळी डोळे उघडतानाच दिवस नकोसा वाटत असेल, आवडीच्या गोष्टींतूनही मन उडालं असेल आणि असं दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल, तर ते नैराश्य असू शकतं. त्यावर नुसत्या विश्रांतीने भागत नाही, उपचार लागतात आणि ते मिळतात. जगणंच नको वाटू लागलं असेल तर एक दिवसही थांबू नका. सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास सुरू असतो, फोनला पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं.