क्लाउडचं बिल आणि बाहेर पडायची वाट : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमचे ऑनलाइन क्लासेस आहेत. व्हिडिओ अ‍ॅमेझॉनच्या मुंबईतल्या क्लाउडवर ठेवले आहेत. साठवणुकीचा खर्च किरकोळ आहे, पण बिलात ‘डेटा ट्रान्सफर आउट’चा आकडा भलताच मोठा येतो. काही चूक झाली असेल का?

उत्तर : चूक नाही, धंद्याची रीतच ती आहे. डेटा आत घ्यायला या कंपन्या पैसे लावत नाहीत, पण तो बाहेर जायला लागला की मीटर चालू होतो. मुंबईत अ‍ॅमेझॉनचा दर, महिन्याचे पहिले १०० जीबी सोडले तर, जीबीला साधारण ११ सेंट. तुमचे व्हिडिओ २०० जीबीचे असतील तर ते एस-थ्री या अ‍ॅमेझॉनच्या साठवणुकीच्या सेवेवर ठेवायला महिन्याला पाचेक डॉलर लागतात. पण मुलांनी महिनाभरात २,००० जीबी पाहिले की तिथेच दोनशे डॉलरच्या वर जातात, वर १८ टक्के जीएसटी.

व्हिडिओ एस-थ्रीवरून थेट देऊ नका, मध्ये क्लाउडफ्रंट घाला, म्हणजे प्रेक्षकाच्या जवळच्या सर्व्हरवरून व्हिडिओ पोहोचवणारी अ‍ॅमेझॉनचीच सेवा. एस-थ्रीमधून क्लाउडफ्रंटकडे जाणाऱ्या डेटाला आकार नाही आणि वापरानुसार बिलाच्या पद्धतीत क्लाउडफ्रंटचा महिन्याचा पहिला १ टीबी फुकट असतो. हा आकडा जवळपास निम्म्यावर येईल. व्हिडिओची गुणवत्ता मोबाइलच्या पडद्यापुरती ठेवलीत तर आणखी उतरेल.

प्रश्न : मग कंपनी बदलायची म्हटलं तर सगळा डेटा काढायला हाच दर मोजायचा का?

उत्तर : पूर्ण सोडून जाणार असाल तर नाही. जानेवारी २०२४मध्ये गूगलने ही सवलत दिली, मार्चमध्ये अ‍ॅमेझॉन आणि मायक्रोसॉफ्टनेही. मात्र डेटा हलवण्याआधी सपोर्टला कळवून मंजुरी घ्या, नंतर मागून मिळेलच असं नाही. युरोपीय संघाचा डेटा कायदा समोर दिसत होता, म्हणून हे दार उघडलं असं माझं मत आहे. त्या कायद्यानुसार जानेवारी २०२७पासून कंपनी बदलण्याचा आकार घेताच येणार नाही.

खरी अडकण वेगळीच असते. डायनॅमोडीबी या अ‍ॅमेझॉनच्या खास डेटाबेसवर बेतलेलं सॉफ्टवेअर दुसरीकडे न्यायचं म्हणजे कोड पुन्हा लिहायचा. पोस्टग्रेस (डेटाबेस) आणि कुबरनेटिस (सॉफ्टवेअर चालवण्याची व्यवस्था) या कुठल्याही क्लाउडवर चालणाऱ्या साधनांवर असाल तर हलवणं पुष्कळ सोपं जातं.

प्रश्न : ओरॅकल स्वतः क्लाउड विकते, तरी तिचा डेटाबेस मायक्रोसॉफ्ट आणि अ‍ॅमेझॉनच्या डेटा सेंटरमध्ये कसा?

उत्तर : कारण गिऱ्हाईक दोघांचंही आहे. बँकांचे आणि मोठ्या कारखान्यांचे ओरॅकल डेटाबेस वर्षानुवर्षं त्यांच्याच सर्व्हर रूममध्ये राहिले, बाकीचं सॉफ्टवेअर मात्र मायक्रोसॉफ्टच्या अ‍ॅझूर किंवा अ‍ॅमेझॉनच्या एडब्ल्यूएस या क्लाउडवर गेलं. दोन्हींत अंतर पडलं की डेटाबेसकडे माहिती मागणाऱ्या प्रत्येक क्वेरीला उशीर होतो. २०१९मध्ये ओरॅकल आणि मायक्रोसॉफ्टने आपापले क्लाउड थेट जोडले, पण तेवढ्याने भागलं नाही. सप्टेंबर २०२३मध्ये ओरॅकलने डेटाबेससाठी बनवलेली आपली एक्झाडेटा यंत्रंच अ‍ॅझूरच्या डेटा सेंटरमध्ये बसवायचं जाहीर केलं. २०२४च्या जूनमध्ये गूगल आणि सप्टेंबरमध्ये अ‍ॅमेझॉनही त्यात आलं.

यात मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती बिलाची सोय. ओरॅकलचा डेटाबेस अ‍ॅझूरच्या मार्केटप्लेसमधून घेतला, तर ती रक्कम ‘इतका खर्च करू’ असं गिऱ्हाइकाने मायक्रोसॉफ्टला आधीच कबूल केलेल्या खर्चात धरली जाते. गिऱ्हाइकाला नवा करार नको, ओरॅकलचा लायसन्सचा धंदा टिकतो, मायक्रोसॉफ्टचं गिऱ्हाईक तिथेच राहतं.

प्रश्न : सुरक्षिततेसाठी आमच्या छोट्या कंपनीने दोन क्लाउडवर चालावं का?

उत्तर : चालवू नका. दोन्हीकडची माहिती असलेली माणसं सांभाळणं तुम्हाला परवडणार नाही. बॅकअप मात्र दुसऱ्या कंपनीकडे जरूर ठेवा. मे २०२४मध्ये ऑस्ट्रेलियातल्या युनिसुपर या पेन्शन फंडाचं गूगल क्लाउडवरचं खाजगी क्लाउडच पुसलं गेलं. उभारणीच्या वेळी गूगलच्या बाजूने एक रकाना रिकामा राहिला होता, तेवढ्यावरून. युनिसुपरने दोन ठिकाणी प्रती ठेवल्या होत्या, पण एकाच खात्यात, त्यामुळे दोन्ही गेल्या. दुसऱ्या कंपनीकडे ठेवलेल्या बॅकअपची तेव्हा मोठी मदत झाली. सहा लाखांवर सभासद आठवडाभर आपलं खातं पाहू शकत नव्हते.

प्रश्न : पार्टनर कंपनी, म्हणजे मोठ्या कंपन्यांचा क्लाउड विकणारी मधली कंपनी, सवलतीत क्लाउड देते म्हणते. घ्यावं का?

उत्तर : घ्या, पण रूट खातं, म्हणजे सगळे अधिकार असलेलं मुख्य खातं, तुमच्याच ईमेलवर उघडा आणि त्याचा ओटीपी तुमच्याच फोनवर येऊ द्या. पार्टनर बदलायचा झाला तर खातं किती दिवसांत मोकळं करून देणार, हे करारात लिहून घ्या. लिहून द्यायला कां-कूं केली, तर दुसरा पार्टनर शोधा.