जड कपाट सरकवताना सुरुवातीलाच जास्त जोर का लागतो? आणि ढकलणं थांबवलं की ते लगेच का थांबतं?

दोन्हीमागे घर्षणच आहे. 50 किलोचं कपाट घ्या. साध्या फरशीवर ते जागचं हलवायला समजा 200 न्यूटन बल लागतं. तुम्ही 100 न्यूटनने ढकललंत तर फरशीही उलट दिशेने नेमकं 100 न्यूटनच लावते, 150 लावलेत तर तीही 150. म्हणून कपाट ढिम्म हलत नाही. स्थितिक घर्षण असं गरजेपुरतं वाढत जातं, हा भाग मला फार सुंदर वाटतो. 200 ची मर्यादा ओलांडली की कपाट एकदम सुटतं, आणि सरकताना घर्षण कमी होतं, समजा 150 न्यूटन. मग तेवढ्याच जोराने ढकललं तरी ते एकसमान वेगाने सरकत राहतं, कारण एकूण बल शून्य होतं.

हात काढला की उरतं फक्त घर्षण. सेकंदाला अर्धा मीटर वेगाने सरकणारं कपाट जेमतेम 4 सेंटिमीटरमध्ये थांबतं. ‘गती टिकवायला सतत बल लागतं’ हा समज इथूनच येतो, पण तो चुकीचा आहे. बल लागतं ते घर्षणाला तोडीस तोड म्हणून. बर्फावर तोच धक्का कितीतरी लांब नेईल.