दोन मुलं असताना विशेष गरजा असलेलं मूल फॉस्टर केअरमधून दत्तक घेता येतं का?

हो, येतं. उलट २०२२ च्या दत्तक नियमांनुसार घरात दोन किंवा जास्त मुलं असली, तर साधारणपणे विशेष गरजा असलेल्या किंवा लवकर कुटुंब न मिळणाऱ्या मुलांचाच पर्याय उरतो.

फॉस्टर केअर म्हणजे दत्तक नव्हे, हे आधी घरच्यांना नीट सांगा. मूल बाल कल्याण समितीच्या आदेशाने तुमच्याकडे राहतं, देखरेख जिल्हा बाल संरक्षण कक्षाची. पूर्वी फॉस्टर केअरनंतर दत्तकासाठी ५ वर्षं थांबावं लागे; २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनी ती मुदत २ वर्षांवर आणली. मात्र मूल कायदेशीररीत्या दत्तकासाठी मुक्त ठरलेलं हवं. शेवटचा आदेश आता कोर्टाऐवजी जिल्हाधिकारी देतात.

आणि वैद्यकीय अहवाल! ‘वाढ थोडी मागे’ या तीन शब्दांत काहीही दडलेलं असू शकतं. अहवाल घेऊन बालविकासतज्ज्ञ डॉक्टरांकडे जा, थेरपी कुठे आणि किती वेळा लागेल ते विचारा. आठवड्यातून तीनदा कोण नेणार, यावर आमच्याकडे सगळ्यात जास्त वाद झाले, खर्चावर नाही.

आमची लेक आली तेव्हा साडेसहा वर्षांची, कानाला यंत्र. पहिले कित्येक दिवस अर्धी पोळी उशीखाली ठेवायची. आम्ही हटकलं नाही, फक्त रोज सकाळी शिळी काढून झोपताना ताजी ठेवायचो. एका रात्री तीच म्हणाली, “आज नको.”